‘छान लिहिले आहे’ या शेऱ्याच्या पुढे

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीचा वर्ग, पट १९. मराठीच्या मॅडमनी जूनपासून मुलांना दर आठवड्याला आपल्या मनानं एक पान लिहायची सवय लावली आहे. शनिवारी वह्यांची अदलाबदल होते आणि मुलं एकमेकांचं तपासतात. पण शेरा सगळीकडे एकच, ‘छान लिहिले आहे’. गुण दहापैकी दहा, आणि ज्याच्याशी भांडण झालं त्याला दोन. निकष कोणते द्यावेत, आणि मुळात मुलांच्या लिखाणात उत्तम कशाला म्हणावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, ‘छान लिहिले आहे’ हा शेरा मुलांनी शोधलेला नाही. तो आपणच लाल पेनानं त्यांच्या वह्यांत लिहीत आलो, तारीख टाकून, सही ठोकून. २१ वर्षं मराठी शिकवताना मी तो किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब न केलेला बरा. तपासायचं काम हाती आलं की मुलं आपली नक्कल करतात. पेनसुद्धा लालच मागतात. म्हणून माझ्या वर्गात पहिला नियम असा झाला की दुसऱ्याच्या वहीत लाल पेन चालणार नाही. पेन्सिलनं, समासात लिहायचं, आणि खाली स्वतःचं नाव घालायचं.

दुसरा नियम, गुण बंद. यावर शिक्षकच जास्त कुरकुरतात, मुलं नाही. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता अभिप्राय मिळालेल्यांत. ज्यांना दोन्ही मिळालं ती मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच पंगतीला बसली. आपल्याला हे पटवायला इस्रायलपर्यंत जायची गरज नाही. चाचणीचे पेपर वाटून पाहा. पोरगं आकडा पाहतं, शेजारच्याचा आकडा पाहतं, आणि पेपर दप्तरात कोंबतं. तुम्ही अर्धी रात्र जागून लिहिलेल्या दोन ओळी तिथंच मरतात.

मग नोंदवहीत काय भरायचं, हा पुढचा प्रश्न येईलच. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या तपासणीच्या, साधनतंत्रांची जी यादी आहे तिच्या शेवटी ‘इतर’ या खान्यात प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, गटकार्य यांच्याबरोबर सहाध्यायी मूल्यमापनाचं, म्हणजे मुलांनी एकमेकांचं तपासण्याचं, नाव आहे. म्हणजे तुम्ही करताय ते कागदावर पहिल्यापासून मान्य आहे. बहुतेकांनी तो खाना मनानं भरला, एवढंच. त्याचे गुण कसे काढायचे ते खाली सांगतो; मी ते लेखकाला देत नाही.

आता निकष. माझी पहिली चूक तक्त्याची होती. आशय ३, भाषा ३, मांडणी २, अक्षर २, असा सुबक तक्ता मी हातानं काढून झेरॉक्स केला होता. मुलांनी काय केलं? तीन-तीन-दोन-दोन, सगळ्यांना. ‘आशय’ म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन वाक्यांत मलाही सांगता आलं नसतं. समजत होतं ते एकच, अक्षर. त्यामुळे वर्षभर सगळ्यात चांगली लेखिका ठरली ती वळणदार अक्षराची मुलगी. तिनं वर्षभरात स्वतःचं असं एक वाक्य लिहिलं नव्हतं.

मग एका सकाळी, गुरांच्या बाजाराच्या दिवशी, अर्धा वर्ग गैरहजर होता. राहिलेल्या पोरांना सहज विचारलं, बैल घ्यायचा तर काय पाहाल? दोन मिनिटांत फळा भरला. दात पहा लागते, दुदाती की चौसा की जुळलेला. खूर पहा लागते. खांद्याले सूज हाय का. वशिंड. डोयातून पानी येते का. चालवून पहा लागते, एखाद्या पायावर दबते का. आणि मागच्या बाकावरचा एक, जो वर्गात एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, “मालक काहून विकून रायला, हे पयले विचारा लागते.”

एकानंही ‘बैल छान आहे’ असं म्हटलं नाही. तसं म्हणून कोणी बैल घेत नाही, आणि घेतला तर बाप घरात घेणार नाही. म्हणजे पारख या पोरांच्या घरातच आहे. बारकाईनं पाहायची सवय आहे, त्यासाठी शब्द आहेत, बोलायची हिंमतही आहे. लिहिलेल्या पानाकडे तसं पाहायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्या दिवशी मी तक्त्याचे उरलेले कागद उलट्या बाजूनं कच्च्या कामाला लावले.

निकष मुलांकडूनच काढायचा सोपा मार्ग म्हणजे जोडी. दोन पानं शेजारी ठेवायची आणि विचारायचं, यातलं सरस कोणतं? एका पानाला दहापैकी किती हे ठरवताना मोठ्या माणसाचाही हात डगमगतो, पण दोनातलं चांगलं कोणतं हे लहान पोरही सांगतं. एल. एल. थर्स्टन या मानसशास्त्रज्ञानं १९२७ साली अशा तुलनांवर मोजमापाची अख्खी पद्धत बसवली होती. आपल्याला त्यातलं गणित नको, जोडी तेवढी घ्या. पानं मागच्या बॅचची घ्या, नावं झाका, शक्यतो दुसऱ्या गावची.

माझ्याकडे कापूस वेचणीवरची दोन पानं होती. पहिलं असं सुरू होत होतं: ‘कापूस हे विदर्भाचे पांढरे सोने आहे. कापसापासून कापड बनते. शेतकरी काबाडकष्ट करून कापूस पिकवतो.’ दुसरं असं: ‘वेचाले बाया सकाळी लवकर येते, कारण दवाचा कापूस ओला राह्यते अन् वजनात भरते. त्यांले किलोवर पैसे राह्यते. आजी म्हणते ऊन निघू द्या मंग वेचा, कारण व्यापारी ओल पाहून पैसे कापते.’

वर्गानं एका सुरात दुसरं उचललं. का, असं विचारल्यावर थोडा वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, “याले माहीत हाय.”

माझ्या मते चांगल्या लिखाणाची याहून नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. वेचणाऱ्या बाईला दवाचा कापूस परवडतो, मालकीण असलेल्या आजीला परवडत नाही, आणि दोघी एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या आहेत. एका वाक्यात केवढं अर्थशास्त्र आहे! पहिल्या पानात एकही चूक नाही, पण ते लिहायला वावरात जायची गरज नव्हती. त्या दिवशी भिंतीवर कागद लागला, मुलांच्याच शब्दांत: याले माहीत हाय. डोयापुढं दिसते. पुढं काय झालं हे वाचावं वाटते. खोटं वाटत नाही. पुढच्या महिन्यांत त्यात भर पडली, दोन ओळी खोडल्या गेल्या. तुमच्या मुलांचा कागद वेगळा होईल. माझा उतरवून घेऊ नका, नाहीतर तो पुन्हा तक्ताच.

तपासणाऱ्याला मी तीनच कामं देतो. जे वाक्य मनात राहिलं ते जसंच्या तसं उतरवून काढायचं. जिथं अडखळलो तिथं पेन्सिलनं फुली मारायची. आणि लेखकाला एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला खरंच ठाऊक नाही. पहिली दोन कामं सोपी आहेत. तिसऱ्यात जीव आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सांगतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, हे तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर गावोगाव काळजी घेण्याचे फलक लागले. एका मुलानं ‘फवारणी करताना घ्यावयाची काळजी’ असं पान लिहिलं. हातमोजे घालावेत, तोंडाला मास्क लावावा, उपाशीपोटी फवारणी करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये. स्वच्छ, क्रमांक घालून. मी तपासलं असतं तर दहापैकी नऊ. त्याची वही ज्या मुलीकडे गेली तिनं समासात एवढंच लिहिलं: ‘तुये बाबा मोजे घालते काय?’

पोरगं संतापलं. “सर, इनं मह्या बाबाचं काढलं.” मी म्हटलं, काढलं नाही, विचारलं. उत्तर वहीत लिही. पुढच्या शनिवारी पान आलं ते असं:

‘आमच्या घरी मोजे हायेत. दुकानदारानं औषधासोबत देले होते. बाबा घालत नाही. मोजे घातले की नोझलातला कचरा काढता येत नाही, अन् नोझल घडीघडी चोंदते. तोंडाले मायच्या जुन्या लुगड्याचा फडका बांधते. पंपाले दीड टोपन औषध टाकते. मी पानी आनून देतो. पंपाचं झाकन गयते, म्हनून पाठ ओली होते. संध्याकायी आंघोय केल्याबिगर मले जवय येऊ देत नाही. लहान्या बहिनीले तं बिलकूलच नाही.’

पहिल्या पानावर जे फलक लिहू शकत होता तेच होतं. दुसरं पान त्या घरातल्याशिवाय कोणी लिहू शकलं नसतं. ‘मोजे घालत नाही’ एवढ्यावर न थांबता का घालत नाही हे त्यात आहे, आणि ते कारण आळसाचं नाही. हे घडवून आणलं ते पाच शब्दांच्या एका प्रश्नानं. त्या मुलीनं चूक दाखवली नाही, सुधारणा सुचवली नाही, कौतुकही केलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या वाचकानं विचारलं, ‘झाकन गयते तं वायसर काहून बदलत नाही, वायसर कितीले येते?’ पोरगं दुकानात जाऊन भाव विचारून आलं. ते वायसर, म्हणजे वॉशर, पुढे बदललं की नाही ते मला माहीत नाही. पण तिसऱ्या पानात दुकानदार काय बोलला, कोणत्या कंपनीच्या पंपाचं मिळतं, कोणाचं मिळत नाही, सगळं होतं.

आता याच तीन कामांनी मी केलेलं नुकसानही सांगतो, कारण तुमच्या वर्गातही ते होऊ शकतं. एका मुलीनं तिचे वडील गेले त्या दिवसाविषयी लिहिलं. कसे गेले हे तुम्ही ओळखलंच असेल. आपल्या जिल्ह्यात वर्गागणिक असं एखादं लेकरू असतं. वही नेहमीप्रमाणे दुसऱ्याकडे गेली. त्यानं शिकवल्याप्रमाणे इमानदारीनं प्रश्न लिहिला, ‘पोलीस आले मंग पुढं काय झालं?’ त्याची चूक नव्हती. पद्धत माझी होती आणि ती कुठे थांबवायची हे मी ठरवलं नव्हतं. ती मुलगी त्यानंतर महिनाभर वही घरीच विसरत होती.

तेव्हापासून पान दुमडायचा नियम आहे. दुमडलेलं पान कोणी उघडायचं नाही, मीसुद्धा नाही, जोवर लिहिणारा उघड म्हणत नाही. का दुमडलं हेही विचारायचं नाही. आणि कोणी तसं पान उघडं ठेवलंच, तर तिथं प्रश्न नाही, फुली नाही. खाली नुसतं ‘वाचलं’ लिहायचं आणि आपलं नाव. सुरुवातीला मला भीती होती की आळशी पोरं कोरी पानं दुमडतील. दोघांनी दुमडलीही. असो, तेवढं चालतं. तपासणीला पाहुणे आले की अशी पानं कौतुकानं पुढे करण्याचा मोह मात्र टाळा. दुःखाला शाबासकी मिळते हे एकदा वर्गाला कळलं की पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आज्या मरतात. हे मी थट्टेनं म्हणत नाही, पाहिलं आहे.

बोलीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. मुलांच्या हाती पेन्सिल दिली की ती पहिल्यांदा ‘मले’ खोडून ‘मला’ करतात. त्यातच त्यांना तपासल्याचं समाधान मिळतं, अगदी आपल्यासारखं. वरचं फवारणीचं पान ‘शुद्ध’ करून पाहा. ‘माझे वडील हातमोजे परिधान करीत नाहीत.’ गेला की नाही जीव? मी असं ठरवलं आहे: माणूस बोलतो ते बोलीतच राहील, हा नियम पक्का. बाकीचं वऱ्हाडीत लिहायचं की पुस्तकी मराठीत, ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं, पण एका पानात एक. ऱ्हस्व-दीर्घाची फेरी वेगळी, सगळ्यात शेवटी, आणि फक्त भित्तिपत्रकावर जाणाऱ्या पानांची. तुमच्याकडे कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, किंवा बंजारा तांड्यावरची मुलं असतील तर त्यांच्या घरची भाषा तर वऱ्हाडीही नाही. माझ्या वर्गात एका मुलानं कोलामीतली चार वाक्यं देवनागरीत लिहिली. वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही, म्हणून त्यानं ओळीओळीवर फुली मारली. मी म्हटलं, फुली म्हणजे चूक नाही ना, तू अडलास ना? मग विचार त्याला. तो अख्खा तास कोलामी शिकण्यात गेला, आणि वर्गात ज्याला शेवटच्या बाकावर जागा होती तो त्या दिवशी फळ्याजवळ उभा होता.

उताऱ्याचं, म्हणजे मोबाइलमधून उतरवून आणलेल्या पानांचं, फार मनावर घेऊ नका. रागावण्यानं ते थांबत नाही. मी पानाखाली एक शब्द लिहायला लावतो: पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं. एकानं लोणार सरोवरावर लिहिलं, मोठमोठ्या शब्दांत, खाली ‘वाचलं’. वाचणाऱ्यानं विचारलं, तू गेला होता काय? गेला होता! मामाचं गाव मेहकरकडे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाच्या गोष्टी त्यानं मामाकडून ऐकल्या होत्या. कोणी म्हणे देवाची करणी, कोणी म्हणे कारखान्याचं रसायन. हे सगळं पानात नव्हतंच. मग वर्गानं शोधलं, तर कारण निघालं पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. पुढच्या पानाखाली तीन शब्द आले: पाहिलं, ऐकलं, वाचलं, आणि प्रत्येकाचा भाग वेगळा. उतारा आपोआप एका परिच्छेदापुरता उरला.

तर उत्तम म्हणजे काय? वाक्य चांगलं, निरीक्षण चांगलं हे सगळं आलं, पण मला विचाराल तर उत्तम लिहिणारं मूल पुन्हा त्याच जागी जातं. आपण दर आठवड्याला नवा विषय देतो आणि तिथंच घात होतो. एक मुलगा होता, लिखाणात अगदी साधारण. त्यानं नोव्हेंबरात घरच्या विहिरीवर पान लिहिलं. वाचणाऱ्यानं विचारलं, पाणी किती हाय? यानं दोराला दगड बांधला, परसापरसावर, म्हणजे ठरावीक अंतरावर, गाठी मारल्या आणि मोजून आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजलं, कारण प्रश्न आला होता की आता किती. असं करत मेपर्यंत. कित्येक पानं दोन-तीन ओळींचीच होती. फेब्रुवारीत एका आठवड्यात पाणी एकदम खाली गेलं. समासात प्रश्न: ‘त्या हप्त्यात कोनं मोटर लावली?’ त्यानं धुऱ्याधुऱ्यानं चौकशी केली. शेजारच्या वावरात उन्हाळी भुईमूग लागला होता आणि ओलीत सुरू झालं होतं. सातवीचं पोरगं दोर घेऊन भूजलाचा अभ्यास करत होतं, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. अलंकार, म्हणी, वाक्प्रचार यांपैकी काहीही त्या वहीत नव्हतं. माझ्या २१ वर्षांतली सगळ्यात चांगली वही तीच. म्हणून आता महिन्याचे तीन विषय मोकळे, आणि चौथ्या शनिवारी जुन्या पानांपैकी एक निवडून त्याच्यावरच पुन्हा लिहायचं. दुसरा खर्डा दर वेळी मागू नका, मुलं विटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरचा वाचक. वर्गातल्या वर्गात सगळ्यांना सगळं माहीत असतं, त्यामुळे काही काळानं प्रश्न आटतात. फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने नावाच्या मास्तरानं १९२० च्या दशकात वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं होतं. मुलांनी लिहिलेलं मुलंच वर्गात वाचत, त्यातलं निवडत, नीट करत, छापत आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवत. आमच्याकडे यंत्र नाही, पण एसटी आहे. डी.एड.चा एक सोबती गडचिरोली जिल्ह्यात वडशाकडे शिकवतो, धानाच्या मुलखात. वर्षातून दोनदा आमचं हस्तलिखित तिकडे जातं, त्यांचं इकडे येतं. आमच्या पोरांनी लिहिलं होतं, ‘वेचणी झाली की पऱ्हाटी उपटतो.’ तिकडून प्रश्न आला, ‘उपटून मग कोणत्या बांधीत रोवता?’ बांधी म्हणजे त्यांच्याकडचं भातखाचर. आमची पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, त्यांना वाटलं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं. आमचा वर्ग हसून लोळला. मग हसू थांबलं आणि ध्यानात आलं की आता सांगावं लागणार: पऱ्हाटी म्हणजे काय, ती किती उंच, उपटायचा चिमटा कसा, वाळल्यावर चुलीत कशी पेटते. जे रोज डोळ्यासमोर आहे ते पहिल्यांदा शब्दांत मांडायची वेळ आली. ‘सविस्तर लिहा’ असं मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. तो शेरा तिकडच्या एका पोराच्या गैरसमजानं निकालात काढला.

कोणाची वही कोणाकडे, हे चिठ्ठीवर सोडू नका. १९ पोरांच्या वर्गात नाव झाकूनही उपयोग नाही, अक्षरावरून सगळे ओळखतात. गावात भाऊकी असते, धुऱ्याची भांडणं असतात, तांडा आणि गाव असं असतं, आणि ते सगळं वहीच्या समासात उतरतं. ‘भांडण झालेल्याला दोन’ म्हणालात ना, ते भांडण बहुधा त्या दोघांचं नाहीच. मी जोड्या स्वतः ठरवतो, महिनाभर त्याच ठेवतो, आणि प्रत्येक वहीला दोन वाचक देतो. एकानं खुन्नस काढली तरी दुसरा शेरा उरतो. लिहिणाऱ्याला शेरा मान्य नसेल तर नाही म्हणायचा हक्क आहे, पण का नाही ते खाली एका ओळीत लिहायचं. या नकारांतही पुष्कळ काही शिकायला मिळतं.

आणि ते गुण. मी ते देतो तपासणाऱ्याला. महिन्याकाठी प्रत्येक मुलाचा एक शेरा उचलतो आणि पाहतो: त्याच्या प्रश्नामुळे पुढच्या पानात काही नवीन आलं का? आलं तर प्रश्न चांगला. ‘तुये बाबा मोजे घालते काय’ याला मी पूर्ण गुण दिले होते. वर्णनात्मक नोंदीलाही त्यातून मजकूर मिळतो, ‘लेखनात रुची घेते’ असं साऱ्यांच्या नावापुढे लिहायची वेळ येत नाही. शिवाय मुलांना हळूहळू कळतं की नीट वाचणं हेही काम आहे. बाकी वेळेचं म्हणाल तर शनिवारची एक तासिका पुरते, पंधरा मिनिटं वाचन-शेरा, उरलेला वेळ बोलण्याला. रोजच्या रोज करायला गेलात तर ऑगस्टपर्यंत तुम्हीच कंटाळाल.

येत्या शनिवारी वह्या वाटू नका. तुमचं स्वतःचं एक पान फळ्यावर लिहा, मुद्दाम थोडं पुस्तकी, आणि पेन्सिली त्यांच्या हातात द्या. मी ‘आमचे निसर्गरम्य गाव’ लिहिलं होतं. पहिली पाच मिनिटं कोणी हूं की चूं केलं नाही, सरांचं लिखाण कसं खोडायचं? मग तोच बैलाच्या मालकाची चौकशी करणारा उठला. म्हणाला, “सर, निसर्गरम्य कोन्या बाजूनं? नाल्याकडून तं उकिरडा हाय.”

मी ते पान पुन्हा लिहून आणलं. दुसरा खर्डाही त्यांनी दोन फुल्या मारून परत केला.